मधुमेहाचे नवे निदान: आहार आणि वजन यांच्या आधारे पहिले वर्ष कसे हाताळावे

मधुमेहाचे निदान झाले की बहुतेक जण त्याच दिवशी चहातली साखर बंद करतात आणि पथ्य सुरू झाले असे समजतात. साखर बंद करणे चांगलेच आहे. परंतु टाइप २ मधुमेह नुकताच सापडला असेल आणि वजन जास्त असेल, तर पहिल्या वर्षातले खरे काम त्याहून मोठे असते. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली जादा चरबी कमी करणे हे ते काम होय. ती वेळेवर कमी झाली, तर अनेकांची रक्तशर्करा औषधांवाचूनही मधुमेहाच्या मर्यादेखाली येते आणि तशीच राहू शकते. प्रत्येकालाच हे साधते असे नाही, मात्र निदान जितके ताजे तितकी शक्यता अधिक असते. म्हणून सुरुवातीचे महिने धास्तीत किंवा चालढकलीत जाऊ देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगेन.

सुरुवातीला: निदान पक्के आहे का, आणि प्रकार कोणता

उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक असणे, ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी ती २०० किंवा अधिक असणे, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक असणे, हे मधुमेहाचे निकष आहेत. (काही देशांत हेच आकडे मिलिमोलमध्ये देतात; मिलिग्रॅमच्या आकड्याला १८ ने भागले की तो आकडा मिळतो.) फार तहान लागणे, वारंवार लघवी होणे यांसारखी लक्षणे नसतील, तर एकाच रिपोर्टवर विसंबू नये, दुसऱ्या तपासणीने खात्री करून घ्यावी. एचबीए१सी ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांतील सरासरी दाखवते, कारण तांबड्या रक्तपेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. त्यामुळे रक्तक्षय, नुकतेच दिलेले रक्त किंवा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक दोष असेल, तर हा आकडा फसवा निघू शकतो. तसे काही असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

प्रकार ओळखणे याहूनही महत्त्वाचे आहे. पुढे जे काही सांगितले आहे ते टाइप २ मधुमेहाबद्दल आहे. प्रयत्न न करता वजन झपाट्याने उतरत असेल, अंगकाठी मुळातच सडपातळ असेल, लघवीत कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) सापडत असतील, किंवा स्वादुपिंडाच्या आजारानंतर शर्करा वाढली असेल, तर शरीरात इन्सुलिनच कमी पडत असण्याची शक्यता असते. अशा व्यक्तीने स्वतःहून आहार तोडला, तर हित होण्याऐवजी घात होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप आणि विलक्षण थकवा ही लक्षणे वाढलेल्या शर्करेबरोबर दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आहार बदलण्याआधी गोळ्यांचा विचार

हा भाग घाईने वाचून पुढे जाऊ नये. जेवण कमी केले आणि गोळ्या तशाच ठेवल्या, तर काही औषधांनी शर्करा धोकादायकरीत्या खाली येते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातील गोळ्या आणि इन्सुलिन यांच्याबाबत हा धोका खरा आहे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला तो फारसा नसतो. शर्करा ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, धडधड आणि गोंधळलेपणा जाणवला, तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा पाण्यात विरघळवलेली तीन-चार चमचे साखर घ्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि गरज वाटल्यास तेवढीच मात्रा पुन्हा घ्यावी. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या औषधांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या जोडीला कर्बोदके अगदी कमी केली किंवा उपास केले, तर रक्तात कीटोन साचून आम्लता वाढू शकते, आणि तेव्हा शर्करेचा आकडा फारसा वाढलेला नसल्याने हा प्रकार सहज निसटतो. रक्तदाबाच्या गोळ्याही वजन उतरू लागल्यावर जास्त होतात आणि उभे राहताच चक्कर येऊ लागते.

म्हणून आहारात मोठा बदल करण्याआधीच डॉक्टरांना भेटून 'मी अमुक इतके खाणे कमी करणार आहे, माझ्या कोणत्या गोळ्या कमी कराव्या लागतील आणि केव्हा?' असे स्पष्ट विचारावे. गर्भवती आणि स्तनदा स्त्रिया, मूत्रपिंडाचा पुढे गेलेला आजार असलेले, खाण्याविषयीच्या मानसिक विकारातून गेलेले आणि वृद्धत्वाने अशक्त झालेले लोक यांनी वजन उतरवण्याची योजना स्वतःच्या मनाने आखू नये. डोळ्यांच्या पडद्यावर आधीच मधुमेहाचे परिणाम झालेले असतील, तर शर्करा वेगाने खाली आल्यावर ते काही काळ वाढू शकतात. तेव्हा बाहुली मोठी करून केली जाणारी डोळ्यांची तपासणी सुरुवातीलाच उरकावी. तिच्याबरोबर लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि तळपायांची संवेदना हेही एकदा तपासून घ्यावे.

वजनाचा शर्करेशी संबंध काय

न्यूकॅसल विद्यापीठातील प्राध्यापक रॉय टेलर यांनी २००८ मध्ये एक उपपत्ती मांडली. वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त ऊर्जा पोटात गेली की त्वचेखालची साठवण अपुरी पडते आणि चरबी यकृतात उतरते. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते आणि उपाशीपोटीही रक्तात ग्लुकोज सोडत राहते. तेच यकृत जादा चरबी रक्तात पाठवते, ती स्वादुपिंडात जाते आणि तेथील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी मंदावतात. या उपपत्तीची कसोटी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात लागली. त्यात ११ जणांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला गेला. पहिल्याच आठवड्यात त्यांची उपाशीपोटीची शर्करा सामान्य पातळीवर आली आणि यकृतातील चरबी घटली. स्वादुपिंडाला मात्र सावरायला आठही आठवडे लागले.

त्यानंतर ब्रिटनमध्ये सुमारे ३०० जणांवर 'डायरेक्ट' नावाची चाचणी झाली आणि तिचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात मधुमेहाचे निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेले आणि इन्सुलिन न घेणारे लोक होते. तीन ते पाच महिने सुमारे ८५० कॅलरींचा द्रव आहार, त्यानंतर हळूहळू नेहमीचे अन्न आणि पुढे वजन टिकवण्यासाठी नियमित मदत, असा तिचा क्रम होता. वर्षअखेरीस हा आहार घेणाऱ्या गटातील ४६ टक्के लोक औषधांवाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली होते; नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. उतरलेल्या वजनानुसार पाहिले तर चित्र अधिक बोलके होते: १५ किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरवणाऱ्यांपैकी ८६ टक्के, १० ते १५ किलो उतरवणाऱ्यांपैकी ५७ टक्के आणि ५ ते १० किलो उतरवणाऱ्यांपैकी ३४ टक्के लोकांना हे साधले. दोन वर्षांनी एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले, आणि ज्यांचे वजन परत वाढले त्यांचीच शर्करा प्रामुख्याने परतली.

या स्थितीला 'मधुमेह बरा झाला' असे म्हणत नाहीत. शर्करा कमी करणारी औषधे बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ टक्क्यांखाली असेल, तर तिला मधुमेहाचे शमन म्हणतात. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ही व्याख्या ठरवली. शमन न साधलेल्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. ५ टक्के वजन उतरले तरी शर्करा, रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांत फरक पडतो, आणि गोळ्यांची संख्या कमी होणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

किती वजन उतरवायचे आणि किती वेगाने

वजन बरेच जास्त असेल, तर सध्याच्या वजनाच्या १५ टक्के हे उद्दिष्ट धरावे; म्हणजे ८० किलोच्या माणसाने १२ किलो. ज्यांचे वजन तक्त्यात 'योग्य' दिसते पण पोट सुटलेले आहे, त्यांचाही येथे विचार करायला हवा, कारण चरबी साठवण्याची मर्यादा प्रत्येक शरीराची वेगळी असते. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक) २३ पासूनच धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. अशांना साधारण १० टक्के वजन उतरवणेही पुरेसे ठरू शकते. घरच्या घरी पाहायचे तर कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, ही खूण लक्षात ठेवायला सोपी आहे.

वेगाबद्दल मतभेद आहेत. वर सांगितलेला ८५० कॅलरींचा मार्ग परिणामकारक आहे. परंतु तो वैद्यकीय देखरेखीखाली, जीवनसत्त्वे आणि प्रथिने यांचे प्रमाण सांभाळून बनवलेल्या आहारावरच करावा. नुसते कमी जेवून त्याची नक्कल केली तर स्नायू झिजतात, आणि फार वेगाने वजन उतरल्याने पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. ज्यांना अशी देखरेख मिळू शकत नाही, त्यांनी रोजच्या खाण्यातून ५०० ते ७५० कॅलरी कमी कराव्यात. त्यातून सुरुवातीला आठवड्याला साधारण अर्धा किलो किंवा थोडे अधिक वजन उतरते आणि सहा महिन्यांत १० किलोंच्या आसपास पोहोचता येते. माझ्या मते बहुतेक कुटुंबवत्सल, नोकरी-व्यवसाय करणाऱ्या माणसांना हाच मार्ग झेपतो, आणि जो झेपतो तोच टिकतो.

ताटात काय असावे

पहिला आठवडा काहीही न बदलता केवळ लिहून काढण्यासाठी द्यावा: काय खाल्ले, किती आणि केव्हा. जेवणांपेक्षा जेवणांच्या मधल्या वेळेतच बरेच काही पोटात जात असल्याचे या नोंदीवरून बहुधा दिसून येते, आणि काटछाट तेथूनच सुरू करणे सर्वांत कमी त्रासाचे असते.

सर्वप्रथम साखर असलेली पेये थांबवावीत. ३३० मिलिलिटरच्या शीतपेयाच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. फळांचा रसही या बाबतीत निर्दोष नाही, कारण एका पेल्यात तीन-चार फळांची साखर चोथ्यावाचून येते आणि काही मिनिटांत रक्तात पोहोचते. अख्खे फळ चावून खाल्ले तर तंतूंमुळे शर्करा हळू चढते आणि पोटही भरते. म्हणून फळ बंद करण्याची गरज नाही, एका वेळी एक मध्यम आकाराचे फळ पुरे. मध किंवा न शुद्ध केलेली साखर 'नैसर्गिक' असली, तरी शरीराच्या दृष्टीने ती साखरच आहे. तोच सावधपणा 'शुगर फ्री' लिहिलेल्या बिस्किटांबाबत बाळगावा. त्यांत मैदा आणि स्निग्ध पदार्थ जसेच्या तसे असतात.

त्यानंतर ताटाची मांडणी बदलावी. साधारण नऊ इंचांच्या ताटाचा अर्धा भाग पालेभाज्या, फळभाज्या आणि कोशिंबीर यांनी भरावा. बटाटा आणि इतर कंदमुळे या भागात धरू नयेत. पाव भागात डाळी, कडधान्ये, अंडी, मासे, कोंबडी, पनीर किंवा सोयाबीन यांपैकी काहीतरी घ्यावे. उरलेल्या पाव भागात धान्य असावे, आणि तेही शक्यतो कोंड्यासह दळलेले किंवा अख्खे. ज्यांच्या जेवणात धान्यच मुख्य आणि बाकी सारे तोंडी लावण्यापुरते असते, त्यांना हा बदल सर्वांत जड जातो, आणि फायदाही त्यांनाच सर्वांत जास्त होतो. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. सवयीची वाढणी एकदा तराजूवर ठेवून पाहिली की आपण किती खातो याचा अंदाज येतो.

कर्बोदके पूर्णपणे बंद करावीत काय, हा प्रश्न हटकून विचारला जातो. कमी कर्बोदकांच्या आहाराने पहिल्या सहा महिन्यांत शर्करा चांगली उतरते. वर्षभरानंतर मात्र निरनिराळ्या आहारपद्धतींमधला फरक बराच पुसट होतो, आणि माणूस त्या पद्धतीला किती धरून राहिला हे अधिक महत्त्वाचे ठरते. कर्बोदके कमी करणे योग्य आहे. ती शून्यावर आणण्याचा अट्टहास मात्र बहुतेकांना काही आठवड्यांत पूर्वीच्या खाण्याकडे परत नेतो.

प्रथिनांकडे विशेष लक्ष द्यावे. वजन उतरताना स्नायू टिकवायचे असतील, तर दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा आजार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. प्रथिनांमुळे भूक लवकर लागत नाही, हा त्यांचा दुसरा गुण. न्याहारीत प्रथिने असतील तर दुपारच्या जेवणापर्यंतचा वेळ बराच सुसह्य होतो. स्निग्ध पदार्थांत असंपृक्त तेले आणि कठीण कवचाची फळे चांगली, पण मोजून. एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात, आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम बदामांत त्याहूनही जास्त. 'आरोग्यदायी' म्हणून घेतलेले हेच पदार्थ वजन अडून राहण्याचे कारण झालेले अनेकदा आढळते.

खाण्याचा क्रम हा एक साधा आणि फुकटचा उपाय आहे. आधी भाजी आणि कोशिंबीर, मग डाळ किंवा इतर प्रथिने आणि शेवटी धान्य, असे तेच जेवण खाल्ले तरी जेवणानंतरची शर्करा कमी चढते. मद्य घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात: त्यात भरपूर कॅलरी असतात, आणि ग्लिमेपिराइडच्या गटातील गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशीपोटी घेतलेले मद्य शर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली नेऊ शकते.

ग्लुकोमीटरचा उपयोग

केवळ उपाशीपोटीची शर्करा रोज मोजत राहण्याने चिंता वाढते, माहिती फारशी मिळत नाही. त्याऐवजी ज्या जेवणाविषयी शंका आहे त्याच्या आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजावे. गर्भवती नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, हे सर्वसाधारण लक्ष्य मानले जाते. एखादा पदार्थ शर्करा ६०-७० ने वाढवत असेल, तर त्याचे प्रमाण निम्मे करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. अशा काही आठवड्यांच्या नोंदीतून स्वतःचा असा तक्ता तयार होतो, आणि तो कोणत्याही छापील यादीपेक्षा विश्वासाचा असतो, कारण एकाच पदार्थाने दोन माणसांची शर्करा सारखी वाढत नाही.

रात्री काही न खाताही सकाळचा आकडा आदल्या रात्रीपेक्षा जास्त आला, तर घाबरून जाऊ नये. पहाटे शरीरातील काही संप्रेरके वाढतात आणि यकृत ग्लुकोज सोडते. वजन उतरून यकृतातील चरबी कमी झाली की हा आकडाही बहुधा खाली येतो.

हालचाल आणि झोप

व्यायामाने एकट्याने फार वजन उतरत नाही, आणि ती अपेक्षा ठेवली की हिरमोड होतो. त्याचे महत्त्व वेगळे आहे: आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी मदत न घेता रक्तातील ग्लुकोज ओढून घेतो. त्यामुळे जेवणानंतर १० ते १५ मिनिटे चालले तरी त्या जेवणाचा आकडा खाली आलेला दिसतो. आठवड्याला १५० मिनिटे वेगाने चालणे आणि दोन-तीन दिवस वजने उचलण्याचे किंवा शरीराच्याच भाराचे व्यायाम, हे प्रमाण गाठावे. छातीत दुखणे, धाप लागणे किंवा पायांना जखम असल्यास आधी तपासणी करून घ्यावी. झोप कमी झाली की भूक वाढते आणि इन्सुलिनचा परिणाम घटतो. मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंग येणे असे दोन्ही असेल, तर झोपेतील श्वसनरोधाची तपासणी करावी.

वजन थांबले तर, आणि उतरल्यानंतर

तीन-चार महिन्यांनी काटा एका जागी अडतो. शरीर लहान झाले की त्याची ऊर्जेची गरजही कमी होते, शिवाय वाढणी नकळत मोठी होत गेलेली असते. अशा वेळी पुन्हा एक आठवडा सारे काही तोलून आणि लिहून खावे. कारण बहुतेकदा तेथेच सापडते. या टप्प्यावर कंबरेचा घेर आणि शर्करा सुधारत असतील, तर काटा काही काळ थांबला तरी हरकत नाही. मनापासून प्रयत्न करूनही वजन उतरत नसेल, तर वजन कमी करणारी औषधे किंवा शस्त्रक्रिया यांविषयी डॉक्टरांशी बोलण्यात कमीपणा मानू नये. स्थूलता हा जैविक प्रक्रियांशी निगडित आजार आहे, आणि निश्चय कमी पडला म्हणून उपचार लागतात असे समजणे रुग्णावर अन्याय करणारे आहे.

घरातील माणसांना सामील करून घेणे या काळात फार मोलाचे ठरते. एकासाठी वेगळे रांधण्यापेक्षा वर सांगितलेली ताटाची मांडणी सगळ्यांनीच स्वीकारावी; ती लहानथोर सर्वांना मानवणारी आहे, आणि रुग्णाला आपल्याच ताटाकडे सगळ्यांचे लक्ष असल्याचे दडपण राहत नाही.

इच्छित वजन गाठल्यावर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी सकाळी वजन करत राहावे. दोन किलो वाढले की लगेच काही आठवडे सुरुवातीच्या शिस्तीवर परत जावे. दहा किलो वाढेपर्यंत थांबले तर तीच वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागते. एचबीए१सी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी पाहावे. औषधे बंद होऊन आकडा स्थिर राहिला, तरी वर्षातून किमान एकदा ते तपासावे आणि डोळे, मूत्रपिंड व पाय यांच्या तपासण्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीने चालू ठेवाव्यात, कारण शर्करा वाढलेली असताना झालेले परिणाम काही वर्षांनीही उघड होऊ शकतात. आकडा पुन्हा वाढला, तर औषध सुरू करण्यास उशीर करू नये, आणि औषध सुरू झाले म्हणून आहाराचे पथ्यही सोडू नये.